दारची जाळी

एका नाताळात शेजारच्या मावशींना त्यांच्या लेकीने टोरांटोहून पेटी पाठवली. चॉकलेटं, एक लोकरी टोपी आणि औषधाची वाटावी अशी एक काळीशार बाटली. बाटली घेऊन मावशी आमच्या ओट्यावर आल्या. "वाच गं जरा. खोकल्यावर चांगलं, रोज चमचाभर घे म्हणते. आहे कसलं ते मात्र धड सांगत नाही." लेबलवर एल्डरबेरी असं होतं. आम्ही दोघींनी चमचा चमचा घेऊन पाहिलं. मावशींनी जीभ टाळ्याला लावून चव घोळवली आणि म्हणाल्या, "करवंदं उकळलीत गं कुणीतरी!"

ती करवंदं नव्हती. पण करवंदीवरची ही पुस्तिका त्या चमच्यातून निघाली, म्हणून प्रस्तावनाही तिथूनच सुरू करते.

आमच्या गावात एखादी गोष्ट जिभेला आवडली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, रोप मिळेल का? मावशींनीही तोच विचारला. मी शोधायला बसले. एल्डरबेरी म्हणजे सँब्युकस वंशाचं झुडूप. युरोपातलं निराळं, उत्तर अमेरिकेतलं निराळं, पण दोन्हींचा बांधा एकच. जमिनीतूनच सात-आठ सोट निघतात, दीड-दोन पुरुष उंच होतात, उन्हाळ्यात साईच्या रंगाच्या फुलांच्या छत्र्या उघडतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात काळ्या मण्यांचे घोस लोंबतात. कॅनडात ते ओढ्याकाठी आपसूक वाढतं आणि लोक हौसेने परसातही लावतात. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा इथल्या संशोधन केंद्राने १९२६ साली 'ॲडम्स' नावाचा वाण दिला आणि १९६४ साली 'यॉर्क'. हे दोन अजूनही जोडीने लावतात, कारण शेजारी दुसरा वाण असला की फळ चांगलं धरतं. हे सगळं वाचताना मला आपल्या अंगणातल्या झाडांचीच आठवण होत होती. पण त्या झुडपाला थंडी लागते, पानं गाळून महिनोन्‌महिने झोपायला लावणारी खरी थंडी. आमची थंडी म्हणजे जानेवारीत चार पहाटे शाल. काश्मीरच्या वरच्या कुरणांत त्याचा एक रानटी भाऊबंद आहे, त्याच्या खाली ते उतरेल असं मला वाटत नाही.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटली. एल्डरबेरी कच्ची खात नाहीत. पानं, देठं, बिया यांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. उकळल्यावर फळ निर्धोक होतं. १९८३ साली कॅलिफोर्नियात एका शिबिरातल्या मंडळींनी पानादेठांसकट चेचून काढलेला कच्चा रस प्यायला. अकरा जण ओकाऱ्यांनी बेजार झाले आणि त्यांतल्या आठ जणांना हेलिकॉप्टरने दवाखान्यात न्यावं लागलं. आमच्या गल्लीतली पोरं दिसेल ते फळ आधी तोंडात टाकतात आणि मग नाव विचारतात. तिथे हे झुडूप दारात नको.

मी मावशींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग विहिरीकडच्या त्या मोकळ्या कोपऱ्यात काय लावू?" मी म्हटलं, करवंद लावा. मावशी खो खो हसल्या. "करवंद कोण लावतं गं!"

त्या हसण्यातच सगळा विषय आला. आपण आंबा लावतो, नारळ लावतो, केळ लावतो. करवंद लावत नाही, ती असतेच. भाषेनेही तशी वाटणी करून ठेवली आहे. आंब्याची बाग, नारळा-पोफळीची वाडी, केळीचं बन आणि करवंदीची मात्र जाळी. जाळी हा माणसाच्या बाजूचा शब्द नाही. जाळीत ससा दडतो, जाळीत बिबट्या बसतो, जाळीत चेंडू गेला की तो गेलाच. कोकणात माझ्या आजोळी करवंदीच्या काट्या तोडून आणायचे आणि वाडीभोवती वई घालायचे. दर वर्षी तोडायची, दर वर्षी घालायची. तेच झुडूप कुंपणात जिवंत लावलं तर पुन्हा तोडायला जायला नको, हे कुणाला सुचलं नसेल असं नाही. पण रानात फुकट असलेल्या गोष्टीसाठी घरचा खड्डा कोण खणणार? करवंदं विकणाऱ्याही लावणाऱ्या नव्हत्याच. मे महिन्यात डहाणूकडच्या गाडीने येणाऱ्या बायका पाटीत पळसाची पानं अंथरून 'डोंगरची काळी मैना' म्हणून हाळी देत, ती मैना खरोखरच डोंगरची होती. डोंगर आहे तोवर मैना आहे असा हिशोब होता.

आमच्या गावाचं तर नावच डोंगरी. परगावच्या वाचकांसाठी सांगते, ही मुंबईत मशीद बंदराजवळची डोंगरी नव्हे. भाईंदर स्टेशनला पश्चिमेकडे उतरून उत्तनची बस धरायची. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं आणि मधली मिठागरं मागे टाकत बस चढाला लागली की डोंगरी येते. कारभार मिरा-भाईंदर महापालिकेचा, जी २००२ साली झाली. पण जुन्या लोकांच्या बोलण्यात हे अजून धारावी बेट आहे. झोपडपट्टीची धारावी वेगळी. या बेटावरच्या किल्ल्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज वसईच्या मोहिमेत झुंजले आणि १७३९ साली तो मराठ्यांकडे आला. गावात बेथलेहेम माउलीचं चर्च आहे, पलीकडे उत्तनला समुद्रावर बांबूवर बोंबील वाळतात आणि वारा फिरला की तो वास करवंदीच्या फुलांच्या वासात मिसळतो. हे मिश्रण कुणी अत्तरात घालणार नाही, पण मला ते आवडतं.

इथला खडक बघण्यासारखा आहे. सह्याद्रीचा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काळा बेसाल्ट येतो. मनोरी, गोराई, उत्तन, डोंगरी या पट्ट्यात मात्र फिकट रंगाचा, ट्रॅकाइट आणि रायोलाइट जातीचा ज्वालामुखी दगड आहे. त्यावर माती बोटभर. जून ते सप्टेंबरात धो धो पाऊस, मग आठ महिने थेंब नाही. वरून खारा वारा. अशा जागी झाडाने काय करावं? पानं जाड आणि चिवट करावीत, अंगात पांढरा चीक ठेवावा, मुळं दगडाच्या फटीत घुसवावीत आणि गुरांनी तोंड लावू नये म्हणून प्रत्येक पेऱ्यावर काट्यांची जोडी उभी करावी. करवंदीने नेमकं हेच केलं आहे. टेकडीच्या ज्या उतारावर गवतसुद्धा मार्चमध्ये पिवळं पडतं तिथे ती हिरवीगार उभी असते, आणि नेमकी तेव्हाच फुलते. जाईसारखी पांढरी पाच पाकळ्यांची फुलं, आणि संध्याकाळी वास असा की वाट सोडून माणूस दोन पावलं आत जातो आणि ओरबाडून परत येतो.

हा उतार आता किती दिवस राहील ते सांगता येत नाही. मेट्रो ९ चं कारशेड आधी राई-मुर्ध्याला होणार होतं. तिथल्या लोकांच्या विरोधानंतर ते डोंगरीला आलं. २०२५ च्या मार्चमध्ये त्यासाठी १२,४०० झाडं काढण्याची जाहीर सूचना निघाली आणि गावात दुसरा विषय उरला नाही. मेट्रो हवी की नको या वादात ही पुस्तिका पडत नाही. माझ्या नातेवाइकांपैकी निम्मे रोज दहिसरपर्यंत हाल सोसत जातात, त्यांना मी काय सांगू? मला फक्त एक गोष्ट डाचली. मोजलेल्या झाडांच्या खोडांवर आकडा रंगवतात. जाळीला आकडा रंगवायला खोडच नसतं. ती जायची तर बिनआकड्याची जाते.

तेव्हा मावशींच्या हसण्याला माझं उत्तर हे आहे की करवंद आता आपणच लावायची. टेकडीची भरपाई म्हणून नव्हे. दहा परसांतल्या दहा जाळ्या म्हणजे टेकडी नव्हे. तिथला भारद्वाज, तिथलं उदमांजर, तिथला कोल्हा माझ्या कुंपणाशी राहायला येणार नाही. लावायची ती आपल्या घरासाठी, आपल्या तोंडाच्या चवीसाठी, आणि शहाण्या माणसाला शोभेल असं स्वस्त, जिवंत कुंपण हवं म्हणून.

आता माझ्या फजितीविषयी, कारण या पुस्तिकेतली बरीच पानं तिच्यामुळे लिहिली गेली.

आम्ही २००८ साली या घरात आलो. पहिल्याच पावसात मी एका नर्सरीतून करवंदाची म्हणून तीन रोपं आणली. नर्सरीचं नाव घेत नाही. त्यांनाही बहुधा ठाऊक नसेल. रोपं देखणी होती, पानं तुकतुकीत, काटे टोकाला दुभंगलेले. दुसऱ्या वर्षी फुलं आली ती करवंदाच्या फुलापेक्षा दुप्पट मोठी, आणि पाठोपाठ फळं आली ती लालभडक, लहान आलुबुखाराएवढी. चव बरी, पण करवंदाची नव्हे. ते निघालं नाताळ प्लम, दक्षिण आफ्रिकेतलं करवंदीचं भावंड. यातली गंमत अशी की आफ्रिकेतल्या त्या प्रांताला नाताळ हे नाव वास्को द गामामुळे पडलं. १४९७ च्या नाताळात त्याची गलबतं त्या किनाऱ्याजवळून चालली होती. आणि आपला नाताळ हा शब्दही त्याच पोर्तुगीज शब्दावरून आलेला. मावशींना हे सांगितल्यापासून त्या झुडपाला आमच्या गल्लीत 'ख्रिसमसचं करवंद' म्हणतात. शोभेला ते चांगलं आहे, खाऊन अपाय नाही, पण करवंद हवं असेल तर घेताना पान आणि फूल बघून घ्या. त्यासाठी पुस्तिकेत दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी दिली आहेत.

दुसरी फजिती माझ्या स्वतःच्या हातची. खरी करवंद मिळाल्यावर ती मी दाराजवळ, नळाच्या बाजूला लावली. दाराजवळ म्हणजे येता-जाता पदर अडकणार आणि नळाजवळ म्हणजे मुळाशी कायम ओल. करवंदीला पाणी तुंबलेलं चालत नाही. पावसाळ्यात पाणी वाहून जात असेल तर ती कितीही पाऊस सोसते, पण बारमाही चिखलात तिचा जीव गुदमरतो. झुडूप पिवळं पडलं. मी समजले खत कमी पडलं, म्हणून शेणखत घातलं. ती आणखी पिवळी पडली. शेवटी उपटून मागच्या गडग्याला लावली, जिथे मातीपेक्षा दगड जास्त आणि पाणी द्यायची मला आठवणही राहत नव्हती. तिथे ती वर्षभरात माझ्या कमरेला लागली. आमच्या विहिरीचं पाणी एप्रिलपासून मचूळ होतं. जास्वंद आणि मोगरा त्या पाण्याने रुसतात, करवंदीने ते मनावर घेतलं नाही. काही झाडं लाडाने बिघडतात, हे मी मुलांच्या बाबतीत ऐकलं होतं.

तिसरी चूक छाटणीची. फेब्रुवारी अखेर जाळी फार पसरली म्हणून मी कात्री घेऊन चारी बाजूंनी गोल केली, अगदी बागेतल्या मेंदीच्या कुंपणासारखी. त्या वर्षी एकही करवंद आलं नाही. फुलं येतात ती डहाळ्यांच्या शेंड्यांशी, आणि मी सगळे शेंडेच उतरवले होते. छाटणी करायची ती फळं संपल्यावर, पावसाच्या सुरुवातीला, म्हणजे पावसाभर नवे फुटवे येतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच फुलतात. इस्त्री केल्यासारखं सरळ कुंपण हवं असेल तर फळावर पाणी सोडावं लागेल. दोन्ही मिळणार नाही.

पुस्तिकेत जागा, खड्डा, अंतर, बी, गुटी कलम, कुंडी, छाटणी, रोग, काढणी आणि स्वयंपाकघर अशा क्रमाने गेलं आहे. प्रस्तावनेत ते सगळं पुन्हा सांगायचं नाही, पण दोन-तीन गोष्टी मुद्दाम आधी सांगायच्या आहेत, कारण लोक नेमकी त्यांचीच पानं चाळून सोडतात.

पहिली गोष्ट जातींची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' हा मोठ्या फळाचा वाण दिला आहे आणि आमच्या किनाऱ्याला तो मानवतो. पंतनगर विद्यापीठाचे पंत मनोहर, पंत सुदर्शन, पंत सुवर्णा हे वाण तिकडच्या करौंद्याचे. मनोहर-सुदर्शनच्या पांढुरक्या फळावर गुलाबी छटा, सुवर्णाच्या हिरवट फळावर तपकिरी, दिसायला फार सुरेख, पण ते लोणच्या-मुरंब्याचे. आपल्याला करवंद म्हणून जे आठवतं, काळं, मऊ, दाबलं की बोटं जांभळी करणारं, ते त्यांच्यात शोधू नका. मी स्वतः अजून टेकडीवरच्या बियांचीच बाजू घेते. फळ लहान, पण प्रत्येक झुडपाची चव निराळी. एक आंबटढाण, त्याच्या शेजारचं साखरेसारखं. पोरांना ते पाठ असतं. कुठल्या जाळीचं करवंद गोड हे आमच्या गल्लीत बापाने पोराला सांगितलेलं नाही, पोरानेच बापाला सांगितलं आहे. गोड झुडूप सापडलं तर बी पेरू नका, गुटी बांधा. बियांतून येणारं रोप आईसारखं निघेलच असं नाही. पेन्सिलीएवढी फांदी निवडून पावसात साल काढायची, चीक वाहून सुकू द्यायचा, मग ओलं शेवाळ आणि वर प्लॅस्टिक. दोन-तीन महिन्यांत मुळं दिसतात. नाही दिसली तर पुढच्या पावसात पुन्हा. माझ्या पाचांतल्या दोन लागल्या आणि मी त्याला यश म्हणते.

दुसरी गोष्ट औषधी गुणांची. या पुस्तिकेत तो अध्याय नाही, आणि तो विसरून राहिलेला नाही. संस्कृतात हिला करमर्द म्हणतात, जुन्या वैद्यकात तिचे गुण सांगितले आहेत, ते ज्यांचं शास्त्र आहे त्यांनी सांगावेत. मला राग येतो तो मोबाइलवर फिरणाऱ्या आकड्यांचा. करवंदात शंभर ग्रॅमला ३९ मिलिग्रॅम लोह, असं छातीठोक लिहिलेलं असतं. तो आकडा वाळवलेल्या करवंदाचा आहे. ताज्या फळात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. वाळक्याचा आकडा ओल्याला चिकटवून गर्भार बाईला करवंदांवर ठेवायचं, हा शहाणपणा नव्हे. करवंद आंबटगोड लागतं, तोंडाला चव आणतं, 'क' जीवनसत्त्व देतं. एका फुकटच्या फळाकडून आणखी किती कामं करून घ्यायची? मावशींच्या लेकीच्या बाटलीबद्दलही माझं हेच मत आहे, पण ते मी मावशींना सांगितलेलं नाही. लेकीने पाठवलेल्या औषधाने खोकला बरा होतो.

तिसरी गोष्ट चिकाची आणि नात्यागोत्याची. करवंद ज्या कुळातली, त्याच कुळात कण्हेर आहे, पिवळी कण्हेर आहे, सदाफुली आहे. पिवळ्या कण्हेरीचं फळ जीव घेतं. म्हणून मुलांना 'चीक असलेलं काळं फळ म्हणजे करवंद' अशी खूण कधी शिकवू नका. दोन काटे, समोरासमोर पानं, घोसातली वाटोळी फळं आणि घरच्या मोठ्या माणसाने दाखवलेलं झुडूप, एवढं सगळं जुळलं तरच खायचं. कच्च्या करवंदाचा चीक ओठांना आणि दातांना चिकटतो, तो पाण्याने जात नाही. खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की जातो. स्वयंपाकात घेताना कच्ची करवंदं चिरून मिठाच्या पाण्यात ठेवली की बराचसा चीक सुटतो.

स्वयंपाकघराचा भाग लिहिताना मात्र मी हात सैल सोडला आहे. करवंद-मिरचीचं लोणचं महाराष्ट्रात सगळीकडे होतं, त्याचे चार प्रकार दिले आहेत. पण डोंगरीत जे पाहिलं ते मला जास्त मोलाचं वाटलं. मावशी जवळा करतात तेव्हा कैरीचा हंगाम नसला की घरात खारवून ठेवलेली कच्ची करवंदं ठेचून घालतात, वर बॉटल मसाला. कैरीचा आंबटपणा पहिल्या घासाला कळतो आणि सरतो, करवंदाचा शेवटपर्यंत जिभेच्या कडेला राहतो. जेलीची गोष्ट आणखी सोपी. करवंदात पेक्टिन भरपूर, त्यामुळे बाहेरचं काही घालावं लागत नाही. पिकलेल्या फळांत मूठभर लालसर, अर्धकच्ची टाकायची, बुडेल इतक्या पाण्यात उकळून फडक्यातून गाळायचं. फडकं पिळायचं नाही, रात्रभर टांगून ठेवायचं. पिळलं की जेली गढूळ होते. मग रसाबरोबरीची साखर घालून पुन्हा चुलीवर. थंड बशीत थेंब टाकून बोटाने ढकलला आणि त्याला सुरकुती पडली की उतरवायचं. रंग असा येतो की खिडकीत बरणी ठेवली तर भिंतीवर लाल डाग पडतो. वाइनचा विषय मी काढलेला नाही. तो डोंगरीत घरटी वेगळा आहे आणि एकीचं दुसरीला सांगितलं तर माझंच येणं-जाणं बंद होईल.

आणि केकवरची चेरी. दर नाताळात मावशींच्या केकवर लाल, पारदर्शक, रबरासारख्या चेऱ्या असतात. आईस्क्रीमवर, पानात, बनपावात आपण सगळ्यांनी त्या खाल्ल्या आहेत. बाजारात त्या नावाने जे मिळतं ते पुष्कळदा बी काढलेलं, पाकात मुरवलेलं आणि लाल रंगवलेलं करवंदच असतं. मी हे सांगितलं तेव्हा मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे टेकडीवरचं फुकट आम्ही सोडून दिलं, आणि तेच रंगवून आलं तर पैसे देऊन आणतो." यंदा त्यांनी त्या घरीच केल्या. रंग घातला नाही, त्यामुळे चेऱ्या फिक्या विटकरी दिसत होत्या. नातवंडांनी नाकं मुरडली आणि मग संपवल्या.

कुंडीतल्या बागवाल्यांसाठी एक छोटं प्रकरण आहे. भाईंदरच्या गच्च्यांवर अर्ध्या कापलेल्या ड्रमात करवंद वाढते आणि फळतेही, फक्त ड्रमाला तळाशी मोठी भोकं हवीत आणि तो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला येणार नाही असा ठेवावा. सोसायटीच्या भिंतीवर काचा रोवण्यापेक्षा भिंतीलगत तीन-तीन फुटांवर करवंदी लावल्या तर चौथ्या वर्षी तिथून मांजरसुद्धा येणार नाही. हा सल्ला मी आमच्या ओळखीच्या दोन सोसायट्यांना दिला. दोन्हीकडे काचाच आहेत.

पाखरांचा वाटा धरून ठेवा. बुलबुल पिकलेल्या फळांवर पहाटे येतात, आपण चहा घेऊन बाहेर येईपर्यंत त्यांचं आटोपलेलं असतं. कधीमधी कण्हेरीवरचा तो जाडजूड हिरवा, डोळ्यांसारखे निळे ठिपके असलेला सुरवंट करवंदीवरही दिसतो. मी त्याला काढत नाही. एक डहाळी खाऊन तो जातो, आणि त्याचं जे होतं ते पतंग पाहण्यासारखं असतं. फळांना मात्र पाऊस लागला की काळे खचके पडतात आणि ती गळतात. तेव्हा पहिल्या मोठ्या सरीच्या आत काढून घ्या.

मावशींनी विहिरीकडच्या कोपऱ्यात तीन रोपं लावली त्याला आता दीड वर्ष झालं. फळ यायला अजून दोन उन्हाळे तरी जातील. तोवर त्यांचा नातू रोज एकदा जाऊन विचारून येतो. त्याला करवंद फोडून आत लाल निघालं की कोंबडा आणि पांढरं निघालं की कोंबडी, हा खेळ मीच शिकवला. गल्लीतल्या बाकीच्या पोरांना तो माहीतच नव्हता. आता त्याला आमच्या गडग्यावरची करवंदं खेळायला पुरत नाहीत.

ही पुस्तिका हातात पडेल तेव्हा मे महिना चालू असेल, तर वाचायचं नंतर करा. करवंदाचं बी ताजं असेल तरच उगवतं. डबीत घालून पुढच्या वर्षासाठी ठेवलेलं बी मी दोनदा पेरलं आणि दोनदा नुसती माती शिंपली. पाटीवाली दारावरून जात असेल तर तिला थांबवा, काळी आणि मऊ बघून घ्या, खा, आणि बिया थुंकू नका. वाटीत जमवा, राखेत चोळून धुवा, एक दिवस सावलीत पसरा आणि पिशव्यांत पेरा. पंधरा-वीस दिवसांत, कधी महिन्याने, दोन जाडसर पानं वर येतील. काटे त्यानंतर लवकरच येतात, तेव्हा पिशव्या हलवायच्या असतील तर आधीच हलवून घ्या.

डोंगरी, भाईंदर (प.)
वैशाख